एका निळ्या बादलीवरून

फौजेत माझं काम पाण्याचं. मेडिकल कोरचा माणूस म्हटलं की लोकांना इंजेक्शन आणि पट्ट्या आठवतात. आम्हा हायजीनवाल्यांचं तसं नाही. लंगरचे नाले बघायचे, डासांच्या अळ्या शोधायच्या, आणि युनिट कुठेही उतरलं की जवान पाणी पिण्याआधी ते तपासायचं. सध्याची पोस्टिंग चंडीमंदिरची. क्वार्टर मिळेपर्यंत चंडीगडच्या सेक्टर ३० मध्ये भाड्याने वरच्या मजल्यावर राहतो. गेल्या महिन्यात याच घरात मला ज्या पाण्याबद्दल मत विचारलं गेलं, ते पिण्याचं नव्हतंच. समुद्राचं होतं. मत मी तिथे दिलंच, पण ते काही जणांना पटलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

चंडीगडहून समुद्र कुठल्याही दिशेने हजार किलोमीटरपेक्षा जवळ नाही. अशा गावात खालच्या मजल्यावरच्या वॉरंट साहेबांनी खाऱ्या पाण्याची टाकी मांडायला घेतली होती. ते हवाई दलातून निवृत्त झालेले. ऐन तरुणपणी कार्निकला, म्हणजे कार निकोबारला होते, २००४ च्या त्सुनामीच्या बऱ्याच आधी. सुट्टीच्या दिवशी पाण्यात डोकं घालून प्रवाळ बघत बसायचे म्हणे. सकाळी सीएसआयओच्या भिंतीकडेने फिरायला जाताना ते हमखास सांगतात की तेजसच्या पायलटसमोरचा हेड-अप डिस्प्ले या आपल्या सेक्टरमधल्या संस्थेने बनवला. आणि त्यानंतर हमखास कार्निकचं पाणी निघतं. त्या पाण्याचा रंग सांगायला त्यांच्याकडे पंजाबीत शब्द नाही, हिंदीतही नाही.

तर दोनशे लिटरची टाकी. विकतचं सागरी मीठ, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका भरणीला सात-साडेसात किलो. सच्छिद्र कृत्रिम दगड, वाळू, पंप, आणि पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं स्किमर. मासा एकही नाही. पहिले चार ते सहा आठवडे टाकीत फक्त जिवाणूंची शेती करायची असते. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडावर बसले, तरच पुढे मासा जगतो. हा तिसरा आठवडा होता.

खाऱ्या टाकीतून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज थोडं गोडं पाणी वरून घालावं लागतं. साहेब आणि मॅडम लुधियानाला लग्नाला गेले आणि हे काम घरकामाला येणाऱ्या ताईंवर सोपवलं. त्या उन्नावकडच्या. सेक्टरमधली पाच घरं करतात. ‘निळ्या बादलीतलं पाणी टाकायचं’ एवढंच त्यांना सांगितलेलं. घरात निळ्या बादल्या दोन होत्या. एकीत आरओचं पाणी, दुसरीत लादी पुसायला कालवलेलं पांढरं फिनाईल.

पाणी दुधाळ झालं, खोलीत पाइनचा वास सुटला, स्किमरमधून फेस उतू जाऊन फरशीवर आला. ताई पंधरा मिनिटांत जिना चढून माझ्याकडे आल्या. “भैया, गलत बाल्टी पड़ गई.” दुसरा कुणी असता तर फेस पुसून, खिडकी उघडून, घर बंद करून निघून गेला असता. दोन दिवसांनी पाणी बऱ्यापैकी नितळलं असतं, वासही गेला असता. साहेबांनी महिन्याभराने मासे सोडले असते, ते मेले असते, आणि कारण कधीच कुणाला कळलं नसतं.

मी खाली जाऊन पंप आणि स्किमर बंद केलं, साहेबांना फोन लावला आणि त्यांच्या परवानगीने नळी लावून पाणी मोरीत सोडायला सुरुवात केली. मोरीतच सोडायचं, कारण खारं पाणी बागेत ओतलं तर हिरवळ जळते. हे सगळं एका तासाच्या आत. दगड त्या पाण्यात दोन दिवस भिजत पडले असते तर गोष्ट वेगळी होती.

साहेब दुसऱ्या दिवशी परतले आणि दोन निर्णय घेऊनच परतले. एक, ताईंना काढायचं, आणि मिठाचे पैसे पगारातून कापायचे. दोन, काच, दगड, वाळू, सगळं फेकून नव्याने सुरुवात करायची. त्यांच्या हौशी मित्रांपैकी निम्मे दुसऱ्या निर्णयाशी सहमत होते. उरलेले निम्मे म्हणत होते, अर्धं पाणी तीनदा बदला, काम भागेल. पहिल्या निर्णयाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

माझं म्हणणं यातल्या कुणाशीच जुळत नव्हतं.

आधी पाण्याचा हिशेब. अर्धं पाणी काढून नवं घातलं की दूषण निम्मं होतं. पुन्हा केलं की पाव, तिसऱ्यांदा केलं की एक अष्टमांश. म्हणजे दीड टाकीचं मीठ खर्चून आठवा हिस्सा तुम्ही जपून ठेवलात. उलट एकदाच टाकी कोरडी केली, तर एकाच टाकीचं मीठ लागतं आणि मागे राहतं ते फक्त दगडाच्या छिद्रांत आणि वाळूत मुरलेलं. अर्धं-अर्धं बदलण्याची रीत चालू टाकीसाठी आहे. आत जीव असतात, त्यांना एकदम सगळं नवं पाणी सोसत नाही. मांडणीच्या काळात आत कुणी नसतं. ती सवलत नंतर कधीच मिळत नाही, मग ती वापरायची नाही तर काय करायचं? राहिली वाळू. ती स्वस्त, ती टाकून द्यावी. काच आणि सांध्यांचं सिलिकॉन साध्या पाण्याने, साबणाशिवाय, चार वेळा धुवावं. दगड आरओच्या पाण्यात बुडवून ठेवावेत, रोज पाणी बदलावं, मग कडक उन्हात वाळवावेत. भरल्यानंतर पिशवीत सक्रिय कोळसा घालून पाणी फिरवावं, कारण फिनाईलमधलं तेल आणि फेस आणणारी द्रव्यं अशा सेंद्रिय गोष्टी कोळसा चांगल्या धरतो. जिवाणूंची शेती मात्र पुन्हा पहिल्यापासून. तीन आठवडे गेले ते गेले.

पण हे सगळं फिनाईलसाठी. म्हणूनच मी म्हणतो, टाकी खराब झाली की ‘कुणी केलं’च्या आधी ‘काय पडलं’ हे विचारा. उपाय त्यावर ठरतो. याच टाकीत तांबं गेलं असतं तर मी दगड वाचवायच्या भानगडीत पडलो नसतो. चुनखडीच्या जातीचे दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि मग महिनोन् महिने थोडं थोडं सोडत राहतात. पाणी कितीही बदला, झरा आतच असतो.

आणि तांबं आपल्या घरात किती वाटांनी येतं बघा. प्लंबरने सहज बसवलेली पितळी तोटी, म्हणजे तांबं अधिक जस्त, दोन्ही वाईट. पाण्यात तांबं सोडणारे ‘कॉपर’ आरओ तर हल्ली घरोघरी आहेत. आपल्याकडे तांब्याच्या कळशीतलं पाणी पवित्र, आरोग्याला चांगलं. माझी आजी त्याशिवाय देवपूजा करत नसे. माणसाला ते चालतंही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. आता दुसरी बाजू. माशांच्या अंगावरच्या परजीवींसाठी तांब्याचं औषध साधारण ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम या प्रमाणात देतात. मासे तेवढं सोसतात, कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. म्हणजे मानकात बसणारं, माणसाला बिनधास्त पिता येणारं पाणी प्रवाळासाठी विष असू शकतं. ‘आम्ही स्वतः पितो तेच पाणी घातलं’ असं सांगणाऱ्याला हे पटवून देताना माझी दमछाक होते.

जहाजवाल्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकायचे ते याचसाठी, की शिंपले आणि किडे बसू नयेत. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरलं, त्याच्याही तळाला तांबं होतं. ते जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभं आहे. हल्लीच्या जहाजांच्या तळाच्या रंगातही बहुधा तांब्याचं संयुग असतंच. नौदलातल्या मित्रांना वेगळं सांगायला नको. तुम्ही ज्या गोष्टीने समुद्राचे जीव जहाजापासून दूर ठेवता, तीच गोष्ट इथे नळाच्या तोटीतून आत येते.

तिसरा प्रकार माझ्याच धंद्यातला. पावसाळा सरला की डेंग्यूसाठी फवारणी सुरू होते. आमच्या फवाऱ्यात आणि घराघरांतल्या डासांच्या स्प्रेमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात. माणसाला त्यांचा त्रास फार कमी, पण मासे आणि कोळंबीच्या कुळातल्या प्राण्यांना अगदी थोड्या प्रमाणात घातक. टाकी झाकली म्हणजे झालं असं लोकांना वाटतं. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात बुडबुडे सोडत असतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. स्प्रे मारायचा तर आधी पंप बंद, मग झाकण, आणि खोली मोकळी होईपर्यंत पंपाला हात लावायचा नाही. डासांची फवारणी थांबवा असं मात्र मी कधीही सांगणार नाही. डेंग्यूचे वॉर्ड मी पाहिलेत.

साहेबांच्या मित्रांपैकी एकाने सुचवलं की आता नव्याने मांडताच आहात तर समुद्रातला जिवंत दगड मागवा, जिवाणू तयार मिळतील, महिना वाचेल. मिळतो म्हणे, ओळखीने. यावर माझं मत सरळ आहे. ते करू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ पासून सगळे कठीण, भित्ती बांधणारे प्रवाळ आहेत, समुद्री पंखे आहेत, समुद्रघोडेही आहेत. वाघाला जे संरक्षण तेच यांना, आणि गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकावरचे प्रवाळ हलवायचे तर सरकारी यंत्रणेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. आणि आपण कुरिअरने मागवायचे? आपल्याही किनाऱ्यासमोर प्रवाळ आहेत. मालवणला आहेत, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली जो आंग्रिया बँक आहे, त्याला नाव आपल्या कान्होजींचं आहे. ज्याच्या नावाने परके आरमारवाले घाबरायचे, त्याच्या नावाच्या प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून विकायला यावा, हे मला तरी सोसत नाही. मासे हवे असतील तर टाकीत जन्मलेले क्लाउनफिश मिळतात. आपल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची पैदास केली गेली आहे.

शिवाय जिवंत दगड म्हणजे स्वतःच दूषणाचा मोठा दरवाजा. त्याच्या भोकांत काय काय बसून येईल सांगता येत नाही. उलट्या बाजूचं उदाहरण मोनॅकोचं. १९८४ मध्ये तिथल्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा नावाच्या शेवाळाचा एक लहानसा पट्टा दिसला. मत्स्यालयात शोभेसाठी ठेवायची ती जात. पुढे ती भूमध्य समुद्राच्या तळावर कित्येक हेक्टर पसरली. टाकीतून समुद्रात आणि समुद्रातून टाकीत, दोन्हीकडे पहारा लागतो.

आता ताईंची गोष्ट. तीच मला पाण्यापेक्षा महत्त्वाची वाटते.

मी माण तालुक्यातला. आमच्याकडे टँकर यायचा तेव्हा पिण्याचा हंडा वेगळा आणि वापरायचा वेगळा, आणि तो कुठे ठेवायचा ती जागाही ठरलेली. लहान पोरालाही अंधारात कळायचं. फौजेतही तेच. खेचराच्या पाठीवरची पिण्याच्या पाण्याची पखाल दुसऱ्या कशालाही वापरायची नाही, आणि तिच्यावर ते लिहिलेलं असतं. हे नियम कुणी शहाणं नसतं म्हणून केलेले नाहीत. थकलेला, घाईत असलेला, रात्रीच्या ड्यूटीवरून उतरलेला शहाणा माणूसही चुकीची बादली उचलतो म्हणून केलेत. एकाच रंगाच्या दोन बादल्या एकाच मोरीत ठेवून, एकीत फिनाईल कालवून, पाच घरं करणाऱ्या बाईला ‘निळी बादली’ सांगितलं, तर चूक तिची किती आणि मांडणीची किती? साहेब हवाई दलाचे. विमानाजवळ काम संपल्यावर एक पाना जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान उडत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. आणि पाना हरवल्याचं आपणहून सांगणाऱ्या पोराला फाडून खाल्लं, तर पुढचा पोरगा सांगणार नाही, हेही माहीत. मी त्यांना एवढंच म्हणालो, “सर, फ्लाइट लाइनवर तुम्ही काय केलं असतं?”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मॅडमच मग आतून म्हणाल्या की पगार कापायचा असेल तर बादल्या विकत आणणाऱ्याचा कापा. बादल्या साहेबांनी आणल्या होत्या.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. फौजेत शिस्त असते, शिक्षा असते, आणि तुम्ही म्हणता सोडून द्या? मी सोडून द्या म्हणत नाही. फेस पुसून निघून गेली असती तर मीही कामावरून काढा म्हटलं असतं. लपवणं आणि चुकणं यांना एकच शिक्षा असली की माणूस लपवणंच निवडतो, कारण त्यात सुटायची निदान आशा असते. फौजेतही हे सगळीकडे कळलंय असं नाही. पाण्याचा नमुना खराब निघाला की आधी नमुना आणणाऱ्यावर ओरडणारे मी पाहिलेत. तिथे पुढच्या वेळी नमुने छान येतात आणि हॉस्पिटलात जुलाबाचे पेशंटही येतात.

टाकी पुन्हा भरली. मीठ विरघळलं, दोन दिवस कोळशातून पाणी फिरलं. वास नाही, फेस नाही. साहेब म्हणाले, झालं. मी म्हटलं, नाकाने पाणी पास होत नाही. आमच्याकडे हॉरॉक्सची पेटी असते. सहा पांढऱ्या वाट्या, एक काळी. काळीत ब्लीचिंग पावडरचं द्रावण, त्याचे चढत्या क्रमाने थेंब पांढऱ्या वाट्यांत, अर्धा तास थांबून इंडिकेटर. ज्या वाटीत पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग येतो तिच्या क्रमांकाइतके दोन ग्रॅमचे चमचे ४५५ लिटरला लागतात. पहिल्या महायुद्धापासूनची ही युक्ती अजून चालते, कारण ती पाण्यालाच विचारते. फिनाईलसाठी अशी पेटी नाही, पण जिवंत मोजमाप करता येतं. मत्स्यालयाच्या दुकानात आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातल्या कवचधारी जिवाची सुकी अंडी मिळतात. दिवसभरात ती उबतात. वीस पिल्लं टाकीच्या पाण्याच्या ग्लासात सोडायची आणि वीस ताज्या कालवलेल्या खाऱ्या पाण्याच्या ग्लासात, आणि २४ तासांनी मोजायची. दुसरा ग्लास विसरायचा नाही. नाहीतर पिल्लं पाण्याने मेली की अंड्यांच्या दोषाने, हे कळणार नाही. टाकीच्या ग्लासात बरीच जास्त मेली तर अजून धुवायचं. दोन्हीकडे सारखी असली तरी आठवड्याने पुन्हा करायचं, कारण दगड हळूहळू सोडतात.

पहिल्यांदा केलं तेव्हा टाकीच्या ग्लासात नऊ उरली होती. कोळसा बदलला, पाणी पूर्ण काढून पुन्हा भरलं, आणखी सात किलो मीठ गेलं. साहेबांनी या वेळी तक्रार केली नाही.

दुसऱ्या खेपेला माझे आणि साहेबांचे डोळे चष्म्यामागे पिल्लं मोजू शकेनात. ती टाचणीच्या टोकाएवढी असतात आणि एका जागी थांबत नाहीत. ताई झाडू भिंतीला टेकवून टॉर्च घेऊन बसल्या. ताज्या पाण्यात एकोणीस, टाकीच्या पाण्यात अठरा. साहेब म्हणाले सतरा. ताई म्हणाल्या, “नहीं बाबूजी, एक कोने में है, आप हिलाओ मत.” आणि आम्ही तिघं ग्लास न हलवता पुन्हा मोजायला लागलो.